केशरंजन : काळी मेंदी आणि वैद्याचे उत्तरदायित्व

घरच्या घरी केस काळे करणे हा विषय वैद्यकीय त्रैमासिकाच्या पानांवर घेण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका काही वैद्यबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमवात, मधुमेह, अर्श यांच्या रुग्णांनी भरलेल्या चिकित्सालयात केसांचा प्रश्न बहुधा रुग्ण उठून उभा राहिल्यावर, दाराशी जाता जाता विचारला जातो. ‘केस फार पांढरे झालेत, काय लावू?’ आपणही हातातील पुड्या बांधत ‘मेंदी लावा’ एवढे सांगतो आणि पुढच्या रुग्णास हाक मारतो. या दोन शब्दांच्या सल्ल्यातून काय घडू शकते, याचा जो अनुभव प्रस्तुत लेखकास कन्नड येथील आपल्या व्यवसायात आला, तो येथे मांडत आहे. त्यातील चूक लेखकाचीच आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

काही वर्षांपूर्वी वैशाखातील लग्नसराईत घाटाकडील एका गावाहून पंचावन्नच्या आसपास वयाचे एक शेतकरी गृहस्थ आले. मुलीचे लग्न दोन दिवसांवर आलेले. दोन्ही पापण्या सुजून डोळे जवळजवळ मिटलेले होते. कपाळावर, केसांच्या कडेने आणि कानांच्या मागे लाली होती, बारीक पुटकुळ्यांतून लस वाहत होती. दाह व कंडू तीव्र, ज्वर मात्र नव्हता. ऐन उन्हाळा, रात्रीची जागरणे, लग्नाची धावपळ, तिखट व तळलेले अन्न, असे पित्तप्रकोपाचे सारे हेतू समोर हात जोडून उभे होते. लेखकाने पित्तप्रधान विसर्प असे निदान केले, मृदू विरेचन दिले, शतधौतघृत लावण्यास सांगितले. आठ-दहा दिवसांत त्वचा पूर्ववत झाली आणि आपले निदान अचूक ठरल्याचे समाधानही मिळाले. डोक्यास काय लावले होते, हे मात्र विचारले गेले नाही. पुढे तब्येत दाखविण्यास आले असता त्यांनी केसांविषयी विचारले आणि उत्तर मिळाले, ‘मेंदी लावा.’

दिवाळीच्या आधी ते पुन्हा आले. या वेळी चेहरा ओळखू येत नव्हता. सूज मानेपर्यंत उतरली होती आणि मिशीच्या जागी ओली जखम होती. त्यांच्या सौभाग्यवतींनी पिशवीतून एक रिकामे पाकीट काढून टेबलावर ठेवले. ‘डाक्टरसाहेब, तुम्हीच तर मेंदी लावा म्हणले होते,’ एवढेच त्या गृहस्थांनी म्हटले. त्या स्वरात तक्रार नव्हती, खरोखरीचे आश्चर्य होते. पाकिटावर मेंदीच्या हिरव्या पानांचे चित्र होते, शेजारी आवळा, शिकेकाई, ब्राह्मी. दर्शनी बाजूस मोठ्या अक्षरांत ‘काळी मेंदी’. मागील बाजूस, भिंगाने वाचावे लागेल अशा टाइपात, घटकद्रव्यांच्या ओळीत पॅरा-फेनिलिनडायअमाइन हे नाव होते. वैशाखातही मुलीच्या लग्नासाठी म्हणून त्यांनी हेच लावले होते. रुग्णास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे लागले, स्टेरॉइड द्यावे लागले. पहिल्या खेपेस एक प्रश्न विचारला असता तर दुसरी खेप टळली असती.

हे पॅरा-फेनिलिनडायअमाइन, ज्यास यापुढे संक्षेपाने पीपीडी म्हणू, वनस्पतिज द्रव्य नव्हे. त्याच्या रंजक गुणाची नोंद जर्मन रसायनज्ञ हॉफमन यांनी 1863 मध्ये केली आणि फ्रान्समध्ये यूजेन श्यूलर यांनी 1907 मध्ये अशा रंगांचा व्यापार सुरू केल्यापासून जगभरातील बहुतेक काळे कलप याच द्रव्यावर किंवा त्याच्या जवळच्या नातलगांवर उभे आहेत. याचे रेणू लहान असल्याने केसाच्या आत शिरतात. सोबत असलेल्या प्राणवायू सोडणाऱ्या द्रव्यामुळे आतच त्यांचे मोठ्या, काळ्या रेणूंत रूपांतर होते आणि ते मग बाहेर पडत नाहीत. रंग टिकतो तो यामुळे. या रूपांतराच्या मधल्या अवस्थेत जी द्रव्ये तयार होतात, ती ज्यांच्या त्वचेस मानवत नाहीत त्यांस उपद्रव होतो. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगाच्या चिकित्सकांच्या संस्थेने 2006 या वर्षी पीपीडीस ‘वर्षातील ॲलर्जीकारक द्रव्य’ म्हणून जाहीर केले होते. युरोपात कलप डोक्यावर लावताना त्यातील पीपीडीचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असे बंधन आहे.

चिकित्सकाच्या दृष्टीने दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की हा उपद्रव पहिल्याच वापरात होईल असे नाही. दहा वर्षे विनासायास कलप लावणाऱ्यास अकराव्या वर्षी तो होऊ शकतो. म्हणून ‘मी नेहमीच लावतो, कधी काही झाले नाही’ हे रुग्णाचे उत्तर निर्णायक मानू नये. एकदा त्वचा या द्रव्यास वैरी मानू लागली की ते वैर बहुधा जन्मभराचे असते, आणि ते केवळ कलपापुरते राहत नाही. कापडाचे काही रंग, स्थानिक बधिरता आणणारी काही मलमे, क्वचित सल्फा वर्गातील औषधे यांनीही मग त्रास होऊ शकतो. दुसरी गोष्ट, प्रत्येक वेळी लस वाहणारा शोथच दिसतो असे नाही. कपाळाच्या कडा, कानशिले व मान हळूहळू काळवंडणे हेही त्याचे एक रूप आहे. ते आपण व्यंग समजून महिनोन्‌महिने मंजिष्ठेचे लेप लावीत बसतो. काहींच्या कपाळाच्या कडेस श्वेत डागही उमटतात. अशा रुग्णास श्वित्राची चिकित्सा सुरू करण्यापूर्वी कलपाविषयी विचारणे अगत्याचे आहे.

या पाकिटांवर हिरवी पाने असतात आणि रुग्णांचा त्या पानांवर विश्वास असतो. तो विश्वास आपण, आपल्या गुरुजनांनी आणि त्यांच्याही गुरुजनांनी कमावलेला आहे. ‘हर्बल’ हा शब्द पाकिटावर छापला म्हणजे आतील सारे निर्दोष, ही समजूत रूढ होण्यास आपलीही बोलण्याची ढिलाई कारण आहे. वास्तविक ‘वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी’ हे विधान आयुर्वेदाचा विद्यार्थी करूच शकत नाही. बिब्बा पूर्णपणे वनस्पतिज आहे. परीट त्याच्या रसाने कपड्यांवर काळ्या खुणा करीत, त्या कितीही धुतल्या तरी जात नसत. आणि तोच रस अंगावर उडाला की काय होते हे खेड्यातील कोणत्याही वृद्धेस विचारावे. भल्लातकाचे रसायनगुण वर्णन करणाऱ्या आचार्यांनीच त्याच्या सेवनाचे कठोर नियम घालून दिले. काळा रंग आणि दाहक गुण यांची सांगड आपल्या शास्त्रास नवी नाही.

केस काळे करण्याची इच्छाही नवी नाही, आणि ती हास्यास्पद तर मुळीच नाही. या प्रांतीचा वैद्य म्हणून हे मुद्दाम नमूद करतो. पुण्या-मुंबईच्या सलूनमध्ये जाणारा वर्ग वेगळा. आमच्याकडे कलप लावणाऱ्यांत मोठा भाग अशांचा आहे की ज्यांचे वय त्यांच्या पोटाशी बांधलेले आहे. मजूर निवडताना मुकादमाची दृष्टी आधी डोक्याकडे जाते. तिशीतच केस पिकलेल्या मुलीस पाहण्यास पाहुणे येणार असतात. अशांना ‘पांढरे केस हे ज्ञानाचे लक्षण आहे’ असे ऐकविणे सोपे आहे, पण ते वैद्याचे काम नव्हे. दहा-वीस रुपयांचे पाकीट त्यांना परवडते, अर्ध्या तासात काम होते, म्हणून ते घेतात. अर्ध्या तासात काम होते, यातच खरे तर सारे उत्तर आहे. त्याकडे पुढे येतो.

सुश्रुताचार्यांनी पलिताची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. क्रोध, शोक व श्रम यांनी वाढलेली शरीराची ऊष्मा पित्तासह मस्तकी जाऊन केसांना पिकविते, अशी संप्राप्ती त्यांनी सांगितली. चरकसंहितेत त्रिमर्मीय चिकित्सेच्या अध्यायात केशभूमी अधिक दग्ध झाली तर खालित्य आणि किंचित दग्ध झाली तर पालित्य, असा भेद येतो. अकाली पालित्यात नस्य, शिरोऽभ्यंग, रसायन व पथ्य यांचा विचार अवश्य करावा. परंतु साठीच्या गृहस्थास ‘पोटात औषध घ्या, केस मुळापासून काळे होतील’ असे आश्वासन देणाऱ्या जाहिराती आपल्याच बांधवांच्या नावाने झळकतात, तेव्हा मान खाली जाते. जरा ही क्षुधा व तृष्णेप्रमाणे स्वाभाविक, असे सुश्रुतानेच म्हटले आहे. तेथे उरते ते केवळ रंजन, आणि रंजनास रंजन म्हणण्यात कमीपणा नाही. आचार्यांनाही तो वाटला नाही. चरकोक्त महानील तैलात नीळ, माका, आवळा आणि लोह एकत्र येतात व पाक लोहपात्रात होतो. सुश्रुताच्या मिश्रक चिकित्सेत अशाच एका तैलाच्या पाकाची परीक्षा कशी करावी, हे सांगताना बगळ्याचे पांढरे पीस तैलात बुडवावे आणि ते भुंग्यासारखे निळे-काळे झाले म्हणजे पाक सिद्ध झाला असे समजावे, असा संकेत दिला आहे. माणसाच्या मस्तकास लावण्यापूर्वी पिसावर पाहणे! आजच्या भाषेत त्यास चाचणी म्हणावे लागेल. आपल्या पाठ्यक्रमात हा संदर्भ सर्वजण वाचतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

येथे थोडे विषयांतर करण्याची अनुज्ञा असावी. कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेणी इसवी सनापूर्वीची आहेत. तेथील दानलेखांत प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथील मित्रदेव नामक गंधिकाच्या कुळाने स्तंभ दिल्याची नोंद आहे, आणि त्याच लेणीसमूहात मगिल नावाच्या राजवैद्याचे, त्याच्या कन्येचे व पुत्राचेही दानलेख आहेत. सुगंधी द्रव्ये विकणारा गंधी आणि चिकित्सा करणारा वैद्य हे दोघे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या डोंगरात शेजारी शेजारी आपली नावे कोरून गेले. पण प्रत्येकाने आपला धंदा आपल्या नावाने सांगितला. आजच्या पाकिटावर गंध्याचा माल असतो आणि प्रतिष्ठा मात्र वैद्याची वापरलेली असते. याबद्दल गंध्यास दोष देऊन उपयोग नाही. आपल्या नावाचा उपयोग कशासाठी होतो, हे पाहणे वैद्याचेच काम आहे.

आता अर्ध्या तासाविषयी. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे रंजक द्रव्य केसाच्या केराटिनास धरते आणि त्याचा रंग नारिंगी-तांबडा असतो. मेंदीची कोणतीही जात काळा रंग देत नाही. तिला रंग सोडण्यास व धरण्यास काही तास लागतात. तेव्हा रुग्णांस सांगण्याजोगी साधी कसोटी अशी : एकच भुकटी पाण्यात कालवून वीस-तीस मिनिटांत पांढरे केस गडद काळे करीत असेल, तर पाकिटावर काहीही छापलेले असो, ती केवळ मेंदी नाही. ही कसोटी अक्षरओळख नसलेल्या माणसासही वापरता येते, म्हणून लेखकास ती घटकांच्या यादीहून अधिक उपयोगी वाटते.

ज्यांस गडद छटाच हवी आहे, त्यांस दोन टप्प्यांची रीत सांगता येते. खांद्यापर्यंतच्या केसांस शुद्ध मेंदीच्या पानांची सुमारे 100 ग्रॅम भुकटी पुरते. ती लोखंडी कढईत चहाच्या कोमट काढ्यात, थोडा लिंबाचा रस व आवळ्याचे चूर्ण घालून, सहा ते आठ तास भिजवावी. चहा व आवळ्यातील कषाय द्रव्ये लोहाशी संयोग पावून काळसर होतात, पूर्वीची शाई याच तत्त्वावर बनत असे; त्यामुळे मेंदीचा भडक तांबडेपणा काहीसा दबतो. तेल नसलेल्या स्वच्छ केसांवर हा लेप दोन-तीन तास ठेवून साध्या पाण्याने धुवावा. तपकिरी छटेवर समाधान असेल तर येथेच थांबावे. काळ्याकडे जायचे असल्यास दुसरा टप्पा नीलिनीच्या, म्हणजे ज्यास आपण गुळी म्हणतो तिच्या, पानांच्या भुकटीचा. हिची प्रकृती मेंदीच्या नेमकी उलट आहे. तीस आंबट चालत नाही, कढत पाणी चालत नाही आणि वाट पाहणेही चालत नाही. कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावण्यास सुरुवात करावी, कारण पानांतील द्रव्य पाण्यात मोकळे होऊन हवेशी संयोग पावताच निळा रंग तयार होऊ लागतो. हे केसात घडावे, भांड्यात घडून चालत नाही. एक ते दोन तासांनी पाण्याने धुवावे व दोन दिवस साबण किंवा शांपू लावू नये. प्रथम केसांत हिरवट झाक दिसते. ती पाहून अनेकजण घाबरतात आणि लगेच घासून धुतात, रीत फसते ती येथे. छटा दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होते. एकट्या गुळीने पांढरे केस निळसर दिसतात, म्हणून पहिला टप्पा टाळू नये. आणखी एक सूचना अनुभवावरून : बाजारात नुसते ‘नीळ द्या’ म्हटले की दुकानदार कपड्यांची नीळ पुढे करतो. तिचा या रीतीशी काहीही संबंध नाही. लेखकाच्या एका रुग्णभगिनीच्या उशीचा अभ्रा महिनाभर निळा राहिला होता.

ही रीत भिजवण्याचा वेळ धरून नऊ ते तेरा तास मागते, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करावी लागते आणि पाकिटासारखा कोळशासारखा काळेपणा देत नाही. हे आधीच सांगावे, नाहीतर रुग्ण पुढच्या वेळी गुपचूप पाकिटाकडे वळतो. ती सर्वस्वी निर्धोक आहे असेही म्हणू नये. गुळी क्वचित कोणास मानवत नाही. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात उणीव असलेल्या बालकांत मेंदीच्या लेपानेही रक्तकणांचा नाश झाल्याचे आढळले आहे, म्हणून तान्ह्या मुलांच्या हातापायांस कौतुकाने मेंदी थापण्यापासून आयांना परावृत्त करावे. काहीही लावायचे असो, कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून वाट पाहावी. कलपाच्या पाकिटातही अशी चाचणी करण्याची आणि भुवया व पापण्यांस न लावण्याची सूचना असते. 1945 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीने ती स्थानिक भाषेतही छापणे बंधनकारक केले होते, आणि पापण्यांस लावल्यास अंधत्व येऊ शकते असे त्यात स्पष्ट म्हटले होते. लावल्यानंतर चोवीस तास थांबून पाहणारा रुग्ण लेखकास अद्याप भेटलेला नाही. त्याहून अधिक, अठ्ठेचाळीस तास पाहिले तर उत्तमच, कारण ही प्रतिक्रिया अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटते.

या विषयाची एक बाजू याहून गंभीर आहे आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येक वैद्यास ती ठाऊक असली पाहिजे. कलप पोटात गेला तर, मग तो मुलाने खेळता खेळता घेतलेला असो वा अन्य कारणाने, काही तासांतच चेहरा, जीभ व मान यांस सूज येऊन श्वासमार्ग बंद होऊ शकतो. त्यातून वाचल्यास स्नायूंचा नाश होऊन लघवी गडद तपकिरी होते व वृक्क निकामी होतात. भारतातील अनेक शासकीय रुग्णालयांतून असे रुग्ण नोंदले गेले आहेत. यावर विशिष्ट उतारा नाही. अशा वेळी वमन देणे, घृतपान करविणे, थांबून लक्षणे पाहणे, यांपैकी काहीही करू नये. रुग्ण बोलत-चालत असला तरी श्वासनलिकेत नळी घालण्याची किंवा छेद देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ रवाना करावे. कन्नडहून छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सुमारे 60 किलोमीटरवर आहे. हे अंतर लक्षात घेता पहिला अर्धा तास आपल्या दवाखान्यात घालविणे परवडणारे नाही. सोबत पाकीट किंवा बाटली पाठवावी. मन खचलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना कीटकनाशकांबरोबर कलपही कुलपात ठेवण्यास आवर्जून सांगावे. आरशाच्या फळीवर पावडरच्या डब्याशेजारी ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

आपल्या संघटनेच्या सभासदांकडून लेखकाची अपेक्षा फार नाही. केसपेपरावर ‘केसांस काय लावता’ हा एक प्रश्न असावा, विशेषतः चेहरा, मान व हात यांच्या त्वचेच्या तक्रारींत. ‘मेंदी’ हा शब्द उच्चारताना ती कोणती, हेही त्याच दमात सांगावे. आणि आपल्या दवाखान्याच्या काउंटरवर विक्रेत्यांनी ठेवून दिलेली केशरंजनाची पाकिटे एकदा उलटी करून, भिंग घेऊन वाचावीत. लेखकाने वाचली तेव्हा स्वतःच्याच काउंटरवर एक असे पाकीट निघाले होते.

त्या शेतकरी गृहस्थांच्या धाकट्या मुलाचे लग्न पुढे झाले. पीपीडीशी त्यांच्या त्वचेचे वैर कायमचे असल्याने बाजारातील कोणतीही तयार भुकटी त्यांच्यासाठी जोखमीची होती. खात्रीच्या पानांची भुकटी त्यांच्यासमोर कुटून घेतली, आधी त्यांच्या कंगव्यात अडकलेल्या पांढऱ्या केसांवर आणि मग कानामागे तीन दिवस पाहिली. डोके तपकिरी-काळे झाले. मिशीस काही लावू नये असे सांगितले होते, ते त्यांनी मानले. लग्नाच्या फोटोत काळ्या केसांखाली ती पांढरी मिशी फार उठून दिसते, अशी त्यांच्या सौभाग्यवतींची तक्रार अजून आहे.